टाकी खिडकीपासून लांब हवी

"या घरात यापुढे अंधार म्हणून होणार नाही! मी, दादू परब, आज सगळ्यांच्या देखत सांगतो..."

काय सांगतो ते सांगायला त्याने श्वास घेतला आणि लाइट गेली.

सगळे म्हणजे तीन माणसं होती. मुलुंडहून आलेला मुलगा केतन, सुकटीचा डबा परत करायला आलेली शेजारची शकु, आणि पलंगावर, नाकात ऑक्सिजनची नळी घालून उशांना टेकलेली बायको प्रेमा. पंखा थांबला. पलंगाशेजारचं ऑक्सिजनचं मशीन दोनदा ओरडून गप्प झालं. प्रेमाच्या चेहऱ्यावर हसू आलं होतं, पण अंधारात ते कोणाला दिसलं नाही.

पुढची कामं दादूच्या हाताला पाठ होती. कोपऱ्यातला ऑक्सिजनचा बाटला पुढे ओढायचा, नळी मशीनवरून काढून बाटल्याला जोडायची, चावी फिरवायची, पाण्यात बुडबुडे येतात ना ते कान लावून ऐकायचं. मग पलंगाजवळच्या लाकडी स्टुलावर बसायचं, ताडाचा पंखा हातात घ्यायचा आणि लाइट येईपर्यंत बोलत राहायचं. दुकानातलं कुठलंही. मनोरीत त्याचं रेशनचं दुकान होतं आणि उभी हयात त्याने गावाला घासलेट विकलं होतं, त्यामुळे गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी त्याच्याशी खोटं बोललेला होता. गोष्टींना तोटा नव्हता. सत्तरी उलटली तरी अख्खं गाव त्याला दादूच म्हणे, ते त्यामुळेच.

"बाबा, हे असं किती दिवस चालणार?" केतन अंधारातून म्हणाला. "इन्व्हर्टर त्या मशीनपुढे टिकत नाही. बाटला संपला की खाडीपलीकडून आणायचा. पावसात मार्व्याची बोट बंद झाली म्हणजे? मी आईला मुलुंडला नेतो. आमच्या बिल्डिंगला जनरेटर आहे."

"आणि मी?"

"तुम्हीपण चला ना. जान्हवीने हॉलमध्ये सोय केलीय तुमची."

सुनेने केलेली हॉलमधली सोय म्हणजे सोफ्याचा पलंग होतो तो. दादू त्यावर एकदा झोपला होता आणि सकाळी त्याला दोघांनी उघडून बाहेर काढलं होतं.

"तिला विचार," दादू म्हणाला.

"आई, तुला कुठे राहायचंय?"

प्रेमाला एका वाक्याला दोन श्वास लागायचे. डॉक्टर म्हणाले होते, फुप्फुसं सुकत चाललीत. सिगारेट ओढता का, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, नाही, यांच्या गप्पाच ऐकते. आता ती म्हणाली, "हे असतील... तिथे."

दादूने हे मत मनोरीच्या खात्यात टाकलं आणि विजयी मुद्रेने जोरजोरात पंखा हलवला. कोणाचाही असाच समज झाला असता. अडचण एवढीच, की दादूने त्या समजाच्या जोरावर एक टाकी बांधायला घेतली.

ठरलं असं, की पावसाळ्याच्या आत घरी लाइटची पक्की सोय झाली तर प्रेमा इथेच राहील, नाहीतर केतन तिला घेऊन जाईल. किनाऱ्यावरच्या एका बंद पडलेल्या कॉटेजमधला डिझेल जनरेटर दादूला मिळाला. यंत्र धडधाकट होतं, पण त्याच्या पोटात डिझेल मावायचं ते एवढंसं. डिझेलचा पंप लांब, बोटीचा भरवसा नाही. म्हणजे घरी साठा हवा. आणि साठ्यासाठी दादूकडे ती होती.

ती म्हणजे दुकानातली घासलेटची जुनी टाकी. घरोघरी गॅस आला, घासलेट बंद झालं, दुकान मिटलं, आणि ती लोखंडी टाकी परसात आडवी पडली ती पडलीच. शकुची कोंबडी तिच्यावर बसून गावावर नजर ठेवायची. दादूने कोंबडीला उठवलं, तोटी पिळली, आतून चहासारखा गाळ आला. त्याने तो बोटावर घेऊन वास घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. तरुणपणाचा वास प्रत्येकाचा वेगळा असतो.

मार्व्याच्या बाजूचा वेल्डर नितेश सामान घेऊन आला. टाकीच्या तळाला गंजाने सुईच्या अग्रासारखी भोकं पडली होती.

"काका, हे काय काम आहे? डोळे मिटून मारतो दोन टाके."

"डोळे मिटून मारशील रे. उघडायला कोण राहील?"

"रिकामी तर आहे!"

"रिकामीच जास्त वाईट. तेल गेलं तरी वाफ बसून असते आत. पाहुणे गेले तरी सामान राहतं ना, तसं. आधी धुवायची, वाळवायची, मग उलटी करून पाणी भरायचं. भोकापर्यंत. वाफेला जागाच ठेवायची नाही."

"म्हणजे आज वेल्डिंग नाही?"

"आज तू चहा पी."

दादूने टाकी धुण्याच्या सोड्याने धुतली, गरम पाण्याने खळबळली, पुन्हा धुतली. तोंड उघडं टाकून उन्हात ठेवली. मग उलटी करून पाण्याने भरली, आणि नितेशने उभ्या उभ्या कुरकुरत भोकं बुजवली. तोटीला नवीन वॉशर बसवला. सायकलच्या पंपाने आत थोडी हवा भरून सगळ्या सांध्यांना साबणाचा फेस फासला. जिथे बुडबुडा येईल तिथे गळती. एका सांध्यावर बुडबुडा फुगला. दादूने तो सांधा परत करून घेतला. पुन्हा फेस, पुन्हा पंप. शेवटी फेस नुसता बसून राहिला, तेव्हा त्याला वाटलं, प्रेमाला दाखवावं.

ते सोपं होतं, कारण हे सगळं तिच्या खिडकीखाली चाललं होतं. उशांवरून तिला दादूचं टक्कल आणि टाकीचं पोट दिसायचं. तेवढ्यावर ती खूश होती. काही हवं असलं की ती चमच्याने स्टीलच्या पेल्यावर टिंग करायची आणि दादूचं डोकं खिडकीत उगवायचं.

"चौथरा इथेच बांधतो गो. खिडकीखाली. तुका दिसात."

"बांधा."

पण तिने तोंड फिरवलं होतं. सोडा, गंज आणि वर्षानुवर्षांचं घासलेट दादूच्या हातांतून खोलीत शिरलं होतं आणि तिला ढास लागली. ती थांबेपर्यंत दादू खिडकीचा गज धरून उभा होता.

"हात... धुऊन या," ती म्हणाली.

हात धुताना त्याच्या लक्षात आलं, की आत ऑक्सिजन आणि बाहेर डिझेल, मध्ये एक पडदा, ही मांडणी बरोबर नाही. ज्याने आयुष्यभर दुकानावर 'बिडी ओढू नये' अशी पाटी लावली, त्याला हे आधी सुचायला हवं होतं. टाकी खिडकीपासून लांब हवी. त्याने चौथऱ्याची आखणी पुसली आणि टाकी विहिरीच्या बाजूला नेली.

विहिरीपाशी आल्यावर वाटलं, उद्या गळली तर? तेल पाण्यात. मग ती माडाखाली गेली. सावली छान होती. दादूने विटा लावल्या, सिमेंट कालवलं. शकु प्रेमाचा निरोप घेऊन आली.

"भावजी, वयनी विचारतान, वर काय हाय?"

"वर? वर आभाळ."

"आभाळाच्या खाली?"

दादूने वर पाहिलं. नारळांचा घोस टाकीवर नेम धरून बसला होता.

त्यानंतर टाकी गेली ती कुंपणाच्या पार टोकाला, फणसाच्याही पलीकडे, उघड्या जागी. घरापासून लांब, विहिरीपासून लांब, चुलीपासून, रस्त्यापासून, नारळापासून लांब. शेजारीच जनरेटर, कारण त्याचा धूरही प्रेमाला नको. सुरक्षित म्हणावी अशी जागा मनोरीत यापेक्षा चांगली निघाली नसती. फक्त तिथून चमच्याची टिंग ऐकू येत नव्हती.

दादूने त्यावरही उपाय काढला. पलंगाला विजेच्या घंटीचं बटण बसवलं आणि घंटी फणसाला टांगली. घंटी खणखणीत होती. लाइट असली तरच वाजायची, एवढंच.

उन्हाळा तापला आणि काम रंगात आलं. चौथरा एका अंगाला किंचित उतरता केला, म्हणजे डिझेलमध्ये पाणी शिरलंच तर ते तळाच्या तोटीकडे जमेल आणि काढता येईल. भोवती विटांचा कठडा घातला. उद्या सगळी टाकी फुटली तरी डिझेल त्या हौदातच राहावं. आतली हवा जायला-यायला उंच नळी, तिचं तोंड खाली वाकवलेलं, तोंडाला बारीक जाळी. अर्थिंगसाठी जमिनीत तार पुरली. बाहेरून रंग दोनदा दिला. वाळूची बादली ठेवली, ती प्रेमाच्या आंघोळीची होती. आता प्रेमाला शकु पलंगावरच पुसून काढायची, त्यामुळे बादली मोकळी होती. हे दादूच्या मनात आलं, आणि त्याने बादलीला झटपट लाल रंग लावून टाकला.

या दिवसांत लाइट जायची ती जायचीच. दादू मातीच्या हातांनी धावत यायचा, हात धुवायचा, बाटला लावायचा, बुडबुडे ऐकायचा.

"सिमेंट ओलं आहे. आलोच मी."

"या... सावकाश."

स्टुलावर शकु बसायची. शकुला गोष्टी येत नव्हत्या. ती मासळीचे भाव सांगायची.

अखेर डिझेल आलं, टाकी भरली. वर थोडी जागा ठेवून, कारण उन्हात तेल फुगतं. चाचणीच्या दिवशी केतन आला. परसात दादूने टाकीचं वर्णन सुरू केलं. इतक्यात फणसाच्या आडून शकु आली. नवी साडी, हातात ताट, ताटात नारळ, हळद-कुंकू, पेटलेली उदबत्ती आणि कापराची फडफडती आरती.

"नवीन वस्तू हाय. पूजा नको?"

"शकुऽऽ!" दादूच्या तोंडून जो आवाज निघाला तो खाडीपलीकडे पोचला असावा. "थांब तिथेच! एक पाऊल नको!"

"अवो, होडीची करतो की आमी!"

"होडीभोवती समुद्र असतो गो बाये!"

त्याने लाल बादली उचलली आणि वाळू आरतीवर ओतली. नारळ, कुंकू, कापूर सगळं दिसेनासं झालं. शकु ताटाकडे बघत राहिली. "बरी चालतेय तुमची बादली," ती म्हणाली. मग नारळ तेवढा वाळूतून उकरून तिने तो लांब, विहिरीच्या काठावर फोडला आणि टाकीला लांबूनच हात जोडले. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही पूजा निर्दोष होती.

आता फक्त लाइट जायची वाट. रोज हमखास जाणारी लाइट त्या दिवशी गेली नाही. संध्याकाळ झाली, केतन घड्याळ बघायला लागला. शेवटी दादूनेच प्रेमाला बाटला लावून मेन स्विच पाडला, परसात धावला, जनरेटर सुरू केला, आणि फणसापलीकडून धडधड ऐकू आली. घरात दिवे लागले. मशीन घर्र करून श्वास घ्यायला लागलं.

"बाबा, मानलं तुम्हाला," केतन म्हणाला. "राहू दे आई इथेच."

दादू खोलीत गेला. हात त्याने दोनदा धुतले होते. प्रेमा दिव्याकडे बघत होती.

"बघितलंस? आता लाइट जायची नाही."

"कधीच?"

"कधीच नाही."

"बरं झालं." तिने श्वास घेतला. मग दुसरा घेतला. "मग आता तुम्ही... त्या स्टुलावर... कधी बसणार?"

परसातलं यंत्र धडधडत होतं. दादूला एकदम आठवलं, लाइट गेली त्या सगळ्या संध्याकाळी ती कधीच कुरकुरली नव्हती. उलट लाइट आली की म्हणायची, "आली का?" त्याला वाटायचं ती खात्री करून घेतेय. उन्हाळाभर तो तिच्यासाठी तिच्यापासून लांब लांब जात होता, आणि प्रत्येक वेळी लांब जाण्याचं कारण अगदी बरोबर होतं.

"बंद करू?" त्याने विचारलं.

"राहू दे. एवढं... केलंत."

त्यानंतर दादू रोज बसायला लागला. पण उजेडातलं बसणं वेगळं. समोर टीव्ही चालू, कोणी ना कोणी भेटायला आलेलं, फोन वाजतोय. आणि अर्धा कान परसात, आपला जनरेटर बरा आहे ना. गोष्ट सुरू केली की कोणीतरी चहा आणायचं.

फक्त एकदा, पावसाळ्याच्या मध्यात, दिवेलागणीला लाइट गेली आणि दादू परसात जायला उठला, दारापर्यंत गेला, परत फिरला. बाटला ओढला. नळी जोडली. चावी फिरवली. बुडबुडे ऐकले आणि स्टुलावर बसला.

"जनरेटर?" प्रेमा म्हणाली.

"विसरलो."

"वय झालं... तुमचं."

"तर काय. बरं, चंपाची सांगू?"

चंपाची गोष्ट तिने इतक्या वेळा ऐकली होती, की ती आता दोघांची मिळून झाली होती. चंपा कॅन घेऊन दुकानात आली. डोळ्यांना पदर. सासू गेली हो, तेराव्याचं जेवण करायचंय, स्टोव्ह पेटवायला घासलेट नाही. दादूचंही मन भरून आलं. कार्डावर नसलेलं घासलेट दिलं, वर सासूबद्दल दोन चांगले शब्द बोलला. म्हातारी भांडखोर होती, पण मनाने चांगली.

"आणि दुसऱ्या दिवशी..." इथे दादू थांबायचा. पुढचं वाक्य प्रेमाचं होतं.

"दुसऱ्या दिवशी," प्रेमा म्हणाली, "सासू आली. म्हणाली, मला... भांडखोर... कोण म्हणालं?"

ती हसली. आवाज करून हसायला तेवढा श्वास नव्हता, पण खांदे हलले, उशी हलली, आणि नळीत धुकं आलं. दादूने पंखा हलवला. बाहेर सगळं गाव काळं होतं.

श्रावणात एका दुपारी प्रेमा गेली. तेव्हा लाइट होती. चांगली होती, पंखा अगदी जोरात फिरत होता. मशीनला कोणी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते बराच वेळ इमानदारीने ऑक्सिजन देत राहिलं. टाकीतलं डिझेल जवळजवळ भरलं तेवढंच होतं.

लोक आले. सगळ्यांनी दादूचं कौतुक केलं. बायकोसाठी एवढं कोण करतं. काहींनी परसात जाऊन टाकी पाहिली आणि मान हलवली. दिवसकार्य झालं. केतन म्हणाला, "बाबा, आता तरी चला."

"टाकी भरलेली आहे रे," दादू म्हणाला. "अशी टाकून कसा येऊ? ते सुरक्षित नाही."

वडिलांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं.

केतन मुलुंडला गेल्यावर घरात दादू उरला. मशीन भाड्याचं होतं, ते नेलं. पलंगावर चादर घातलेली, उशा एकावर एक. चमचा पेल्यात. एका संध्याकाळी तो भात शिजवायला उठला आणि लाइट गेली.

दादू जागच्या जागी उभा राहिला. मग हातांनी आपलं काम सुरू केलं. कोपऱ्यात जाऊन बाटला शोधला. बाटलाही परत गेला होता. तो स्टुलावर बसला, ताडाचा पंखा घेतला आणि रिकाम्या उशांना वारा घालू लागला. डाव्या हाताला परसाकडची वाट होती. तिकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"चंपा कॅन घेऊन आली," तो म्हणाला. "डोळ्यांना पदर."

सगळं नीट सांगितलं. घासलेट दिलं. सासू भांडखोर, पण मनाने चांगली. "आणि दुसऱ्या दिवशी..."

इथे तो थांबला. पुढचं वाक्य त्याचं नव्हतं. ते त्याने आजवर एकदाही म्हटलं नव्हतं, आणि आता म्हणायला गेला तर तोंडात येईना. पंखा हलवत तो वाट बघत राहिला.

दारात पावलं वाजली. शकु होती. अंधारात चाचपडत ती खोलीच्या उंबऱ्याशी आली, स्टुलावरचा दादू आणि हलणारा पंखा तिला अंधुक दिसला, आणि ती तिथेच थांबली.

"भावजी," ती म्हणाली. आवाज भरलेला होता. "वयनी खय जायत नाय. ती हयच हाय. तुमी तिच्यासाठी जा केलात, ता अख्ख्या मनोरीत कोणी केलेला नाय. त्या टाकीत तिचा जीव हाय, भावजी. मी रोज हात जोडते तिला. लांबसून."

दादूचा पंखा थांबला. "शकु..." तो म्हणाला.

शकुने पदराने डोळे पुसले. नाक ओढलं. मग पदराखालून हात पुढे केला.

"तवडा जरा जनरेटर लावा ना. माझा फोन पाच टक्क्यांवर इलाय."